चिखलातले चाकरमानी

थंडी सुरू झाली की मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक बातमी हमखास येते : ‘परदेशी पाहुण्यांचे आगमन’. सोबत रोहित पक्ष्यांचा, म्हणजे आपल्या फ्लेमिंगोंचा, गुलाबी फोटो. आता हे फ्लेमिंगो बहुतांशी येतात कच्छहून. कच्छ परदेशात गेल्याचं माझ्या तरी कानावर नाही. खरे परदेशातून आलेले असतात ते त्याच फोटोत खालच्या कोपऱ्यात, फ्लेमिंगोंच्या पायांशी, चिखलाच्याच रंगाचे जे शे-दोनशे ठिपके दिसतात, ते. कोणी सैबेरियाचे, कोणी तिबेटच्या पठारावरचे. बातमीत त्यांचा उल्लेखही नसतो. आणि ते काही नोव्हेंबरात आलेले नसतात. ऑगस्टातच येऊन बसलेले असतात आणि मे उजाडेपर्यंत हलत नाहीत. नऊ महिने मुक्काम ठोकणाऱ्याला पाहुणा म्हणणारं घर मी अजून पाहिलेलं नाही. आमच्याकडे तर चौथ्या दिवशीच “परतीचं रिझर्वेशन मिळालं का हो?” अशी आपुलकीची चौकशी सुरू होते.

माझं म्हणणं असं की ही मंडळी पाहुणे नव्हेत, चाकरमानी आहेत. पोटापाण्याला मुंबई आणि मे महिन्यात गाव. शिवडी, ऐरोली, भांडुप, उरण इथल्या खाडीच्या चिखलात ती मान खाली घालून राबतात. घड्याळ भरती-ओहोटीचं. ओहोटी दुपारी असली की दिवसपाळी, रात्री दोनला असली की रातपाळी. अंधारात चोचीच्या टोकाला किडा लागतो का हे चाचपत काम चालू. वर जागेची रड आहेच. भरतीला चिखल बुडाला की सगळ्यांनी मिळून एखाद्या अरुंद कोरड्या बांधावर खेटून उभं राहायचं, तेही एका पायावर. पक्षी एका पायावर का उभे राहतात याची शास्त्रीय कारणं आहेत, अंगातली ऊब राखणं वगैरे. पण तो बांध पाहिल्यावर मला वाटतं, दुसरा पाय टेकायची जागा शेजाऱ्यानं आधीच अडवलेली असते.

एप्रिल लागला की मात्र गावाचे वेध लागतात. गावी लग्न असतं. स्वतःचंच.

कर्ल्यू सँडपायपर नावाचा पक्षी घ्या. चोच लांब, टोकाकडे खाली वाकलेली. हिवाळाभर हा घरच्या बनियनवर वावरतो : वरून राखाडी, खालून पांढरट. त्याच्याकडे दुसऱ्यांदा कोणी बघत नाही. एप्रिलच्या उत्तरार्धात त्याच्या पोटावर एकेक लाल पीस उगवायला लागतं, आणि बघता बघता डोक्यापासून पोटापर्यंत गडी विटकरी लाल होऊन बसतो. लेसर सँड प्लोव्हर, म्हणजे चिखल्यांच्या कुळातला एक, छातीवर नारिंगी पट्टा आणि डोळ्यांवर काळी पट्टी चढवतो. पॅसिफिक गोल्डन प्लोव्हरचा थाट तर विचारूच नका. पोट काळं कुळकुळीत, पाठीवर सोनेरी ठिपके, आणि दोन्हींच्या मधून पांढरी किनार. नऊ महिने आमच्या डोळ्यांसमोर कळकट कपड्यांत काढायचे आणि नवे कपडे अंगावर चढले रे चढले की दोन-तीन आठवड्यांत गाव गाठायचा. ठेवणीतलं सगळं गावासाठी! मुंबईच्या नशिबी बनियन.

हे दोन-तीन आठवडे बघायला खाडीवर असतं कोण? जवळजवळ कोणी नाही. पक्षीनिरीक्षकांचा हंगाम महाशिवरात्रीच्या आसपासच आटोपलेला असतो. महाराष्ट्रात शासनाचा पक्षी सप्ताह असतो ५ ते १२ नोव्हेंबर. ५ तारखेला मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ तारखेला सालिम अलींचा. दोघांही थोरांनी जन्माला येताना हवामानाचा उत्तम विचार केला होता. नोव्हेंबरात पक्षीनिरीक्षण म्हणजे पहाटेची गुलाबी थंडी, थर्मासमधला चहा, गळ्यात दुर्बीण आणि अंगात जाकीट. मे महिन्यात तीच दुर्बीण मानेला घामानं चिकटते, काचेवर बाष्प धरतं, आणि थर्मासकडे तर बघवत नाही. जागतिक पक्षी-स्थलांतर दिन मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारीही येतो, पण तो ज्यांनी ठरवला त्यांनी शिवडीच्या जेट्टीवर मे महिन्यात उभं राहून पाहिलेलं नसावं.

शिवडीचा भूगोल आधी समजून घेतला पाहिजे. चिखल जेट्टीच्या पूर्वेला. म्हणजे सकाळी सूर्य थेट तोंडावर आणि पक्षी सगळे काळे. लाल, नारिंगी, सोनेरी, ज्याच्यासाठी आपण लोकलला लटकत आलो ते सगळे रंग सकाळी एकाच रंगाचे. मग दुपारी जावं, सूर्य पाठीशी घ्यावा. पण दुपारी ओहोटी असेल तर पाणी पार आत गेलेलं असतं आणि पाण्याच्या काठाकाठानं चरणारे पक्षीही त्याच्यासोबत क्षितिजाकडे गेलेले असतात. पक्षी जवळ हवे असतील तर भरती चढत असताना जायचं. पाणी पुढे सरकतं आणि पक्ष्यांना आपल्याकडे रेटत आणतं. अशी दोन-अडीच तासांची एकच संधी असते.

ही वेळ काढायचा हिशेब कोळी आणि कोकणातले लोक पिढ्यान्‌पिढ्या तोंडी करत आले आहेत. तिथीची पाऊणपट करायची, भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चारची पाऊणपट तीन, म्हणजे तीनच्या सुमाराला पूर्ण भरती. अष्टमीला सहा. पौर्णिमेला साधारण सव्वाअकरा, प्रत्यक्षात थोडी पुढे-मागे. या हिशेबानं शिवडीचा सर्वांत उत्तम योग म्हणजे चतुर्थी किंवा पंचमी : भरती तीन-पावणेचारला, सूर्य पाठीमागे, पक्षी जवळ. फक्त त्यासाठी मे महिन्यात दुपारी एक वाजता उन्हात जाऊन उभं राहायचं असतं. निसर्गानं सगळ्या सोयी केल्या आहेत, सावलीची तेवढी विसरला.

माझ्या या तिथीमोजणीचा घरात भलताच परिणाम झाला. सकाळी उठून मी दिनदर्शिकेपुढे उभा राहतो आणि “चतुर्थी कधी?” असं पुटपुटतो हे सासूबाईंनी पाहिलं. जावई मार्गाला लागले असं त्यांच्या मनानं घेतलं. पुढच्या संकष्टीला घरात साबुदाणा भिजला, माझ्या नावानं. खुलासा करावासा वाटला, पण खिचडीत कूट सढळ हातानं घातलेलं होतं. तेव्हापासून मी डब्यात खिचडी घेऊन दुपारी बाराला ‘दर्शनाला’ निघतो. दर्शन होतं, हेही खोटं नाही.

जेट्टीवर उन्हाळ्यात दोन जण हमखास भेटतात. एक दादरचे काका, बँकेतून निवृत्त, तिपाईवर लावलेली दुर्बीण सांभाळत उभे. दुसरी एक कॉलेजातली मुलगी, जिच्याकडे काकांच्या दुर्बिणीच्या निम्म्या किमतीची दुर्बीण आणि काकांच्या दुप्पट नजर आहे. काका सालिम अलींच्या पुस्तकावर वाढले. ‘द बुक ऑफ इंडियन बर्ड्स’ पहिल्यांदा निघालं १९४१ साली. काकांजवळची प्रत तितकी जुनी नाही, पण दिसते तशी. मुलगी मोबाइलवर वाढली. दोघांमध्ये विस्तव जात नाही आणि दोघं एकमेकांशिवाय येतही नाहीत.

चिखलातला पक्षी दुसऱ्याला दाखवायचा कसा, हा एक स्वतंत्र प्रश्न आहे. जंगलात बरं असतं. ‘पळसाच्या डाव्या फांदीवर’ म्हणता येतं. चिखलावर ना झाड ना फांदी. तिथल्या खुणा म्हणजे कचरा.

“ती निळी पिशवी दिसली?” काका डोळा दुर्बिणीला लावून म्हणतात.

“कुठली? निळ्या तीन आहेत.”

“फाटकी. तिच्या उजवीकडे थर्मोकोल. थर्मोकोलच्या पलीकडे चप्पल. चपलेच्या अंगठ्यापाशी बघ.”

चपलेच्या अंगठ्यापाशी एक चिमणीएवढा पक्षी शिवणाच्या मशीनच्या सुईच्या वेगानं चिखलात चोच मारत असतो. एवढ्यात लाट येते आणि चप्पल हलते. भरतीच्या वेळी संदर्भग्रंथच वाहून जातो.

“लिटल स्टिंट,” काका निकाल देतात.

“टेमिंक्स स्टिंट वाटतोय, काका.”

आता सगळी भिस्त पायांवर. लिटल स्टिंटचे पाय काळे, टेमिंक्स स्टिंटचे पिवळट-हिरवट. पुस्तकात हे फार सोपं दिसतं, कारण पुस्तकातले पक्षी पांढऱ्या कागदावर उभे असतात. शिवडीतला पक्षी चिखलात उभा असतो आणि त्याचे पाय, जे आधीच काडीएवढे, ते गुडघ्यापर्यंत चिखलाचेच असतात.

“काळे आहेत,” काका म्हणतात.

“तो चिखल आहे.”

“काल मात्र पिवळे दिसले तेव्हा तो चिखल नव्हता म्हणालीस.”

“चिखलानं पिवळे पाय काळे दिसतील, काका. काळे पाय पिवळे कसे दिसतील?”

काका क्षणभर गप्प. बँकेत चाळीस वर्षं सही जुळवून पाहिलेला माणूस, त्याला तर्क कळतो. पण तो हार मानत नाही. “टेमिंक्स गोड्या पाण्याच्या कडेला रमतो. तो खाडीत येईल कशाला?”

“ते त्याला सांगितलंय का कोणी?”

आणि नेमकं याच क्षणी पक्षी चिखलातून एक पाय बाहेर काढतो. दोन्ही दुर्बिणी त्या पायावर. चिखलाचा एक थेंब बोटावरून ओघळतो, खाली पडतो. आता पायाचा खरा रंग दिसणार, तोच पक्षी तो पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतो आणि उरलेल्या एका चिखलातल्या पायावर डोळे मिटून झोपी जातो. वीस-पंचवीस ग्रॅम वजनाचा जीव, आणि भर उन्हात दोन सुशिक्षित माणसांना ताटकळत ठेवतो.

जेट्टीच्या पायथ्याशी गुडघाभर चिखलात एक कोळी मावशी निवट्या पकडत असते. चिखलातलं बीळ बघायचं, कोपरापर्यंत हात घालायचा आणि उड्या मारणारा मासा बाहेर काढून टोपलीत टाकायचा. तिला ना दुर्बीण लागते, ना पुस्तक, ना पाय पाहायला लागतो. ती वर बघून विचारते, “तुमी अजून त्याच पाखरावर?”

काका तिला दोन्ही स्टिंटमधला फरक सविस्तर समजावून सांगतात. ती ऐकून घेते. मग टोपली सरळ करत म्हणते, “दोगंबी खायाला पुरायचं नाय.”

यात काकांवर आणखी एक अन्याय झाला. आयुष्यभर त्यांनी लेसर सँड प्लोव्हर आणि ग्रेटर सँड प्लोव्हर वेगळे ओळखायची साधना केली. एकाची चोच जरा लहान, दुसऱ्याची जरा मोठी. किती मोठी हे दोघं शेजारी उभे राहिले तर कळतं, आणि ते शेजारी उभे राहत नाहीत. ही विद्या हाताशी येते न येते तोच शास्त्रज्ञांनी लेसरचेच दोन पक्षी केले : एक सैबेरियन, एक तिबेटन. मुंबईच्या वाट्याला आला तिबेटन. काकांनी बरेच दिवस सुतक पाळलं. त्यांचं म्हणणं एकच, “पक्षी तोच, चिखल तोच, मीही तोच. मग फाळणी कोणाला विचारून केली?” मला मात्र या पक्ष्याचं कौतुक वाटतं. सगळे उत्तर ध्रुवाकडे धावत असताना याचं गाव लडाख, तिबेट या बाजूला. मुंबईच्या चिखलात ‘आमचं गाव घाटावर आहे’ असं म्हणण्याचा सर्वांत मोठा अधिकार याचाच. त्याच्या घाटाच्या वर घाट नाही.

या सगळ्या विद्वत्तेला सुरुंग लावतो तो फ्लेमिंगो.

दुपारी चारनंतर ऊन उतरलं की कुटुंबं यायला लागतात. आल्या आल्या एकच प्रश्न, “फ्लेमिंगो कुठे आहेत?” दूरवर गुलाबी रेघ दिसते ती त्यांना दाखवायची. मग त्या रेघेकडे पाठ करून फोटो काढले जातात. एक लहान मुलगा मागे बघून विचारतो, “पप्पा, हे पिंक का नाहीत?” पप्पा म्हणतात, “धुळीनं.” वास्तविक ती एक-दोन वर्षांची पोरं असतात. फ्लेमिंगो जन्मतः राखाडी. त्यांचा गुलाबी रंग अन्नातून येतो, शेवाळातल्या रंगद्रव्यातून, आणि तो चढायला काही वर्षं लागतात. डोकं उलटं करून, चोचीतून चिखलाचं पाणी गाळून गाळून मिळवलेला रंग आहे तो. पण हे सांगायला गेलं तर पप्पांचा अपमान होतो, म्हणून मी धुळीला अनुमोदन देतो.

जातिवंत पक्षीनिरीक्षक फ्लेमिंगोकडे बघत नाही. बघतो, पण बघितलं असं दाखवत नाही. काका तर ‘ते गुलाबी’ असाच उल्लेख करतात. यात थोडी असूया आहे. कारण खाडीतल्या चिखलाला मान मिळाला तो गुलाबी रंगामुळे. २०१५ साली ठाणे खाडीत अभयारण्य झालं ते फ्लेमिंगोंच्या नावानं. २०२२ साली खाडी रामसर स्थळांच्या यादीत गेली. ऐरोलीहून बोट सुटते ती फ्लेमिंगो दाखवायला. नवी मुंबईत चौकाचौकांत पुतळे आहेत ते फ्लेमिंगोंचे. स्टिंटचा पुतळा कोणी उभारणार नाही. उभारला तरी त्याचे पाय काळे रंगवायचे की पिवळे यावर काम अडेल. पण त्या गुलाबी छत्रीखाली हजारो मातकट पक्ष्यांचं पोट भरतं, हे खासगीत काकाही कबूल करतात.

खरा धोका चाकरमान्याला जो असतो तोच यांनाही आहे. गावाहून परत यावं आणि चाळीच्या जागी पत्रे ठोकलेले दिसावेत. पाणथळ जागा नकाशावर रिकामी दिसते, आणि रिकामी जागा दिसली की या शहरात माणसांचे हात शिवशिवतात. उरणच्या बाजूला भरतीच्या वेळी टेकायला असलेल्या किती जागा भरावाखाली गेल्या, ते तिथं नेमानं जाणाऱ्यांना विचारावं. पक्ष्याला पर्यायी घराची चिठ्ठी मिळत नाही. तो येतो, एक गिरकी मारतो, आणि दुसऱ्याच्या बांधावर एका पायाची जागा शोधतो.

तर प्रवास. कर्ल्यू सँडपायपरचं गाव आर्क्टिक सैबेरियात, तैमीर द्वीपकल्प वगैरे भागात; इथून सहा हजार किलोमीटर तरी. निघण्याआधी हे पक्षी खा-खा खातात. एरवी साठ ग्रॅमच्या आतबाहेर असलेला जीव चरबी चढवून चांगलाच गोल होतो. आपणही गावी जाण्याआधी खातो आणि वर वाटेत खायला दशम्या बांधून घेतो. हे दशम्या अंगातच बांधतात. लांब पल्ल्याच्या काही जातींची तर कमाल अशी की निघण्यापूर्वी पोट आणि आतडी आक्रसून लहान होतात. वाटेत जेवायचंच नाही तर स्वयंपाकघराचं ओझं कशाला न्या! बार-टेल्ड गॉडविट यातला अव्वल. २०२२ च्या ऑक्टोबरात त्याचं एक पाच महिन्यांचं पोर, अंगावर उपग्रहाशी बोलणारं यंत्र लावलेलं, अलास्काहून निघालं ते थेट टास्मानियात उतरलं. १३,५६० किलोमीटर. अकरा दिवस. मध्ये ना थांबा, ना चहा.

ही बातमी मी वाचली तेव्हा आमची गाडी मुंबई-गोवा महामार्गावर होती. होती म्हणजे उभी होती. त्या रस्त्याचं चौपदरीकरण दशकाहून अधिक काळ चाललं आहे, आणि आमचं गाव तिथून फक्त नव्वद किलोमीटर राहिलं होतं. मागच्या सीटवर तीन मुलं, एक फणस आणि माझे मेहुणे. मी आकडे मोठ्यानं वाचून दाखवले. मेहुणे खिडकीबाहेर बघत म्हणाले, “त्याला माणगाव लागत नाही.” या अभ्यासपूर्ण टिपणीत भर घालण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

मे संपत आला की चिखल ओस पडतो. मग पक्षीनिरीक्षकाला घरच्या पक्ष्यांची आठवण होते. ही मंडळी कुठेही जात नाहीत, आणि उन्हाळा हाच त्यांचा संसाराचा काळ. पहाटे चारला कोकीळ सुरू होतो. त्याच्या गळ्यावर कवींनी जे लिहिलं ते सगळं सकाळी आठनंतर उठणाऱ्या कवींनी लिहिलं असावं. दिवसभर तांबट टुकटुक करत राहतो, कंटाळा नाही, विश्रांती नाही, पंख्याच्या रेग्युलेटरसारखा एकाच आकड्यावर. कावळे तारेचे तुकडे आणि दोरीवरचे हँगर पळवून घरटी बांधतात, त्यात कोकिळा अंडी घालते, आणि त्या अंड्यांच्या रक्षणासाठी कावळा आपल्या डोक्यात टोच मारतो. स्वतःच्या पोरासाठी मारली असती तर एकवेळ सोसलं असतं.

टिटवी ही पक्षीनिरीक्षकाची खरी वैरीण. उरणच्या बांधावर पोटावर सरपटत आपण एखाद्या दुर्मीळ पक्ष्याच्या दहा-पंधरा हात जवळ पोचावं, आणि टिटवीनं आकाशात चढून सगळ्या तालुक्याला आपली बातमी द्यावी. तिची अंडी उघड्यावर, खड्यांमध्ये खड्यासारखी. तुडवली जाण्याची भीती असल्यामुळे तिचा आरडाओरडा रास्तच आहे. तिनं अंडी उंचावर घातली तर पाऊस भरपूर, सखल भागात घातली तर कमी, असं गावोगाव मानतात. मे महिन्यात आमच्या सोसायटीच्या गच्चीवर टिटवीनं अंडी घातली तेव्हा एका सभासदानं सर्वसाधारण सभेत गच्चीच्या गळतीचा प्रश्न तातडीनं घेण्याची मागणी केली. सभा गाजली. गळती आहे तशीच आहे. टिटवीची पिल्लं मात्र सुखरूप उतरली, कशी ते टिटवीलाच ठाऊक. मग पावशा ‘पेरते व्हा’ म्हणायला लागतो. मुंबईत तो कोणाला सांगतो देव जाणे. पेरायला कुंडी आहे, तीही शेजाऱ्यांच्या ग्रिलवर.

चिखल ओस पडतो म्हणालो, पण अगदी सगळे जात नाहीत. वाडरांची, म्हणजे चिखलातल्या या पक्ष्यांची, वर्षाच्या आतली पोरं बरीचशी इथंच राहतात. लग्नाचं वय झालेलं नसतं. एवढं लांब जाऊन करायचं काय? जून-जुलैत भर पावसात एखादा बनियनवरचा प्लोव्हर चिखलात एकटा दिसतो तो हा. काका त्याच्याशी सहानुभूतीनं बोलतात. त्यांच्या इमारतीत असे चार आहेत.

आणि जुलै संपतो न संपतो तोच परतीची पहिली तुकडी हजर. कर्ल्यू सँडपायपरमध्ये आधी येतात ते नर. त्यांचा हिशेब सुटसुटीत असतो. लग्न झालं की अंडी उबवणं, पिल्लं सांभाळणं सगळं मादीवर सोडून हे जुलैच्या आरंभालाच गाव सोडतात आणि शिवडीत येऊन चिखल चिवडू लागतात. मागून माद्या. लग्नाचे लाल कपडे अजून अंगावर असतात, पण जागोजागी उसवलेले. मधून बनियनचा राखाडी डोकावतो. कुठल्याच पुस्तकात त्या अवस्थेचं चित्र पक्ष्याशी जुळत नाही. काका आणि ती मुलगी यांच्या दृष्टीनं हा वर्षातला सर्वोत्तम काळ.

गेल्या ऑगस्टात पावसानं जरा उघडीप दिली म्हणून जेट्टीवर गेलो, तर तिघं आधीच हजर. काका छत्री धरून दुर्बीण भिजू देत नव्हते, स्वतः भिजत होते. मुलगी मावशीला नरांची कर्तबगारी सांगत होती. मावशीला त्यात नवल वाटलं नाही.

“आनि पोरं?” तिनं विचारलं.

“ती मागून येतात. सप्टेंबरात वगैरे. एकटीच.”

“रस्ता कोन दाखवतं त्यांना?”

“कोणीच नाही. आईबाप आधीच इथं आलेले. त्यांना उपजतच कळतं. दोन महिन्यांचं पिल्लू सैबेरियातून निघतं आणि इथवर येतं.”

मावशीनं चिखलाचा हात बिळातून काढला, निवटी टोपलीत टाकली आणि कमरेवर हात ठेवून त्या पक्ष्यांकडे पहिल्यांदाच नीट बघितलं.

“आमचा बावीस वर्साचा हाय,” ती म्हणाली. “परवा वाशीला धाडला, तर पनवेलला उतरला. झोपला व्हता म्हने गाडीत.”